पहिली कॅमेरा बॅग: खांद्याला विचारून घ्या

राजगडाच्या बालेकिल्ल्याची चढण. दोन्ही हातांनी रेलिंग धरलेलं, आणि खांद्यावर तिरकी अडकवलेली कॅमेरा बॅग दर दोन पायऱ्यांनी घसरून पुढे येतेय, कातळावर आपटतेय. मी ती कोपराने मागे ढकलते, ती परत येते. मागून चढणारा एक पोरगा शेवटी म्हणाला, "ताई, ती बॅग माझ्याकडं द्या. तुमच्यापेक्षा तिचीच भीती वाटायला लागलीय."

दिवाळीच्या ऑफरमध्ये कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली बॅग होती ती. तशी वाईट नव्हती. फोम चांगला, चेन ठीक, बॉडी (म्हणजे लेन्स नसलेला कॅमेरा) आणि दोन लेन्स नीट बसायच्या. फक्त ती गड चढायला बनवलेली नव्हती, आणि मी महिन्यातले दोन रविवार गडावर असायचे. त्यानंतर माझ्या तीन बॅगा झाल्या. त्यातली एक विकली, एक भाच्याला दिली, एक अजून वापरते. नवीन कॅमेरा घेतलेले ओळखीचे लोक हल्ली विचारतात, "बॅग कोणती घेऊ?" मी उलट विचारते, "जाता कशाने? लोकलने, बाईकवर, एसटीने, की चालत?" बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो, कारण दुकानात सगळे "यात लेन्स किती बसतात" हेच विचारतात. लेन्स कुठल्याही बॅगेत बसतात हो. पण फोटो काढायला मिनिटं लागतात आणि बॅग अंगावर तासन्‌तास असते.

सामान पलंगावर काढा आणि काट्यावर ठेवा

पहिलं काम घरातच. जे जे घेऊन बाहेर पडता ते सगळं पलंगावर मांडा. कॅमेरा आणि लेन्स तर मांडाच, पण पाण्याची बाटली, डबा, छत्री, पॉवर बँक, चष्म्याची डबी, औषधांची पुडी, एक टी-शर्टसुद्धा. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ठेवून वजन लिहा.

कॅनन १५००डी ही नवीन लोकांच्या हातात सर्रास दिसणारी बॉडी घेऊ. बॅटरीसकट ४७५ ग्रॅम. १८-५५ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येते ती, साधारण २००, ५५-२५०ची झूम ३७५, पन्नासची छोटी प्राइम (झूम न होणारी लेन्स) १६०. झाले सव्वा किलो. चार्जर आणि जादा बॅटरी धरा दीडशे ग्रॅम. आता लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, डबा अर्धा किलो, छत्री साडेतीनशे ग्रॅम, आणि रिकाम्या बॅगेचं स्वतःचं वजन दीड किलोच्या आसपास. बेरीज साडेचार किलोच्या वर जाते, आणि त्यात कॅमेऱ्याचा वाटा जेमतेम पाव.

म्हणजे तुम्ही मुख्यतः पाणी, डबा आणि खुद्द बॅग वाहणार आहात. तरीही बाजारातल्या कितीतरी कॅमेरा बॅगांमध्ये नव्वद टक्के जागा फोमच्या कप्प्यांची आणि डब्याला जागाच नाही. मग डबा वेगळ्या पिशवीत, छत्री हातात, आणि फोटो काढायला हात मोकळा राहत नाही.

मोजपट्टीही घ्या. १५००डीची उंची १० सेंटीमीटर आहे. बॅगेच्या लेबलवरची खोली बहुतेक वेळा बाहेरची असते, आतली नाही. दोन्ही बाजूंच्या फोममध्ये दोन-तीन सेंटीमीटर सहज जातात. आतून १२ सेंटीमीटर मिळाले की हाताने धरायच्या ग्रिपसकट बॉडी उभी बसते, चेन लावताना गुडघ्याने दाबावं लागत नाही.

पक्ष्यांसाठी मोठी लेन्स घेणार असाल तर लांबी आधी बघा. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी २६ सेंटीमीटर आहे आणि वजन १.९३ किलो. सोनीची २००-६०० तर जवळपास ३२ सेंटीमीटर. त्यामागे बॉडी लावली की आणखी सात-आठ सेंटीमीटर. लेन्स बॉडीवर लावलेलीच आत गेली पाहिजे. भिगवणला होडीत बसल्यावर फ्लेमिंगोंचा थवा उठतो तेव्हा लेन्स जोडायला वेळ कुणाकडे असतो?

शेवटच्या सहा वेळा आठवा

आता एका कागदावर लिहा: कॅमेरा घेऊन शेवटचे सहा वेळा कुठे गेलात, कसे गेलात, कॅमेरा किती वेळा काढला. "पुढे कधीतरी लडाखला जाईन" हे लिहायचं नाही. झालेल्या गोष्टीच लिहायच्या. या यादीवरून बॅगेची जात ठरते.

दिवसभर गर्दीत उभं राहायचं, दर दोन मिनिटांनी कॅमेरा काढायचा, खाली ठेवायला जागा नाही, असं असेल तर स्लिंग, म्हणजे एकाच पट्ट्याची, पाठीवर तिरकी घ्यायची बॅग. दिवेघाटात पालखीच्या दिवशी बॅग जमिनीवर टेकवता येत नाही. चिखल असतो, आणि शेकडो पाय असतात. तिथे पाठीवरून पोटावर ओढून उघडता येणारी छोटी स्लिंग सोन्याची. पण ती एकाच खांद्यावर असते. दोन किलोच्या वर वजन गेलं की दुपारनंतर मान बोलायला लागते. स्लिंगमध्ये मी एक बॉडी, एक जादा लेन्स, बॅटरी आणि पातळ टॉवेल एवढंच ठेवते.

चालणं जास्त, कॅमेरा काढणं कमी असेल तर दोन पट्ट्यांची सॅक. गड, जंगल, लांबचा प्रवास, सगळ्याला हीच. जुन्या पद्धतीची खांद्याला लावायची बॅग लग्नसमारंभात, पत्रकार परिषदेत, गाडीने जाऊन गाडीने परत यायच्या कामात अजूनही उत्तम. झाकण उचललं की सगळं समोर. फक्त तिला घेऊन चढण चढू नका, कारण पुढे वाकलात की ती पुढे येणार. माझं राजगडावर तेच झालं.

चौथा पर्याय दुकानदार सहसा पुढे करत नाही. तो म्हणजे इन्सर्ट. फोमचा, आत वेल्क्रोच्या भिंती असलेला ठोकळा. तो तुमच्या आधीच्या ट्रेकच्या किंवा ऑफिसच्या सॅकमध्ये खाली बसवायचा, वर डबा आणि टी-शर्ट. हजार रुपयांच्या आतबाहेर बरा इन्सर्ट मिळतो. माझं स्पष्ट मत असं की नवीन माणसाने पहिले तीन-चार महिने एवढंच वापरावं. तेवढ्या काळात तुम्हाला नक्की काय टोचतं ते कळतं, मग बॅग घ्यायची. त्रास एकच: कॅमेरा काढायला आधी वरचं सगळं बाहेर काढावं लागतं. तो त्रास तुम्हाला दिवसातून दोनदा होतो की वीस वेळा, यावरच पुढची खरेदी ठरवा.

ती उघडते कुठून?

सॅक घ्यायची ठरली तर कापडापेक्षा हे जास्त बघा.

समोरून उघडणाऱ्या सॅकचं पूर्ण तोंड बाहेरच्या बाजूला असतं. उघडण्यासाठी ती पाठीच्या बाजूवर आडवी ठेवावी लागते. म्हणजे पट्टे चिखलात, आणि दोन मिनिटांनी तोच चिखल तुमच्या पाठीवर. शिवाय लोकलच्या रांगेत मागचा माणूस चेन ओढू शकतो. पाठीकडून उघडणाऱ्या सॅकमध्ये हे दोन्ही होत नाही. ती पोटावर पडते, पट्टे कोरडे राहतात, आणि अंगावर असताना चेन तुमच्या पाठीला चिकटलेली असते. मुंबईत गर्दीच्या वेळी सॅक पुढे घ्यावीच लागते, नाहीतर डब्यातला प्रत्येक जण आठवण करून देतो. तेव्हाही चेन छातीकडेच राहते. कमरेचा बेल्ट असेल तर तो न सोडता बॅग पोटावर फिरवून, उभ्या उभ्या उघडताही येते, पण याला थोडा सराव लागतो.

बाजूने उघडणारी सॅक प्रवासात फोटो काढणाऱ्यांची आवडती. एक पट्टा काढला, बॅग काखेखालून पुढे आणली, कॅमेरा हातात. मात्र तो दरवाजा तुमच्या हाताच्या बाजूला हवा. मी डावखुरी. उजव्या बाजूला तोंड असलेली एक सुंदर सॅक घेऊन मी सहा महिने स्वतःशीच भांडत होते. भाच्याला दिलेली ती हीच.

दुकानात वजन घालून बघा

रिकामी बॅग कुणालाही बरी वाटते. दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा न्या आणि बरोबर लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या. मुंबईत असाल तर फोर्टात बोरा बाजारला जा, सीएसएमटीहून चालत पाच-सात मिनिटांवर. कॅमेऱ्याची दुकानं एकाला एक लागून आहेत, तिथे हाताळायला भरपूर बॅगा मिळतात. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल. घालू दे. "दादा, जरा वजन टाकून बघते," असं सांगून सामान आत भरा.

मग सगळे पट्टे सैल करा. कमरेचा बेल्ट असेल तर तो आधी, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर बसेल असा आवळा. पोटावर नाही. त्यानंतर खांद्याचे पट्टे ओढा, सगळ्यात शेवटी छातीचा बेल्ट. आता दहा मिनिटं तशाच फिरा. दुकानाबाहेरचा जिना चढून उतरा. वाकून बुटाची नाडी बांधा: बॅग डोक्यावर येते का? दोन्ही हात वर करा: पट्टा काखेत कापतो का? मान मागे टाकून वर बघा: डोकं बॅगेला आपटतं का? किल्ल्यावर दरवाज्याची कमान बघताना हेच करायचं असतं.

छातीचा बेल्ट वरखाली सरकतो ना, ते बायकांनी आवर्जून बघावं. एकाच जागी शिवलेला बेल्ट बहुतेकदा नको तिथे येतो. तो कॉलरबोनच्या खाली दोन-तीन बोटांवर बसायला हवा. कमरेच्या बेल्टबद्दलही एक गैरसमज आहे. पातळ पट्टीचा बेल्ट वजन उचलत नाही, तो फक्त बॅग हलू देत नाही. वजन कमरेवर घ्यायचं तर तो रुंद, जाड, आतून पॅड असलेला हवा, आणि बॅगेची पाठही ताठ हवी. पाच किलोच्या आत असाल तर पातळ पट्टी पुरते. मोठी लेन्स, ट्रायपॉड आणि दोन लिटर पाणी असेल तर नाही पुरत.

खांद्याचा पट्टा अंगठ्याने दाबा. स्पंजासारखा पूर्ण दबून बोट आरपार लागलं तर तो फोम वर्षभरात पापड होतो. दाबल्यावर विरोध करणारा, थोडा टणक पट्टा दुकानात कमी सुखाचा वाटतो आणि चौथ्या तासाला जास्त.

ऑनलाइन घेणार असाल तर टॅग न काढता हेच घरी करा. तांदळाच्या दोन-तीन पिशव्या भरून ती अंगावर घेऊनच तासभर घरातली कामं करा. घरचे हसतील. परत करायची मुदत संपायच्या आत हसलेलं बरं.

चेन, शिवण, कापड

बॅग कापड फाटून मरत नाही, चेन जाऊन मरते. म्हणून चेन आधी. बॅग भरलेली असताना एका हाताने पूर्ण उघडून बंद करा, कोपऱ्यांवरून दहा वेळा फिरवा. कोपऱ्यात अडकली तर तशीच परत ठेवा. रनरवर, म्हणजे चेन ओढायच्या तुकड्यावर, वायकेके अशी अक्षरं असतील तर चांगली खूण, ही जुनी जपानी कंपनी आहे. एकाच चेनला दोन रनर असले की ते एकत्र आणून छोटं कुलूप लावता येतं. एखादा रनर नंतर सैल झाला तर बॅग फेकू नका, कोपऱ्यावरचा बॅग दुरुस्तीवाला थोडक्या पैशांत बदलून देतो.

वरचं हँडल आणि खांद्याचे पट्टे जिथे शिवलेत तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण दिसली पाहिजे. नुसती एक सरळ शिवण असेल तर वजन तिथेच उसवतं.

कापडाच्या लेबलवर ६००डी, १६८०डी असं लिहिलेलं असतं. हा डी म्हणजे डेनियर: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तसा धागा जाड आणि बॅग जड. शहरातल्या वापराला ६००डी पॉलिएस्टर पुष्कळ झालं. आतलं अस्तर मात्र फिक्या रंगाचं बघा. राखाडी, पिवळं, नारिंगी, काहीही. काळ्या अस्तरात काळी लेन्स कॅप संध्याकाळी शोधून दाखवा.

बाहेर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असलेली बॅग मी घेत नाही. रात्रीच्या एसटी स्टँडवर आत कॅमेरा असल्याची पाटी कशाला लावायची?

पावसाचं काय

सह्याद्रीत जून ते सप्टेंबर "वॉटर रेझिस्टंट" या शब्दाला फारसा अर्थ नसतो. ते कापड दहा मिनिटांची सर झेलतं. ताम्हिणीत चार तास कोसळणारा पाऊस शिवणीतून आणि चेनमधून आत येतोच. रबरी थर दिलेल्या चेनही पाणी अडवतात एवढंच, बंद करत नाहीत.

रेन कव्हर हवंच, पण त्याची खोड माहीत असू द्या. ते बॅगेची बाहेरची बाजू झाकतं, पाठीकडची नाही. पाणी मानेवरून, पाठीवरून ओघळत पट्ट्यांच्या मधून खाली उतरतं आणि कव्हरच्या तळाला साठतं. लोहगडावरून उतरून मी कव्हर काढलं तेव्हा पेलाभर पाणी सांडलं, आणि त्यात बॅगेचा तळ दोन तास बसलेला होता. कव्हरला तळाशी छोटं भोक आहे का ते बघा. नसेल तर खालची लवचिक कड मधूनमधून ओढून पाणी सोडा.

खरं संरक्षण आतून असतं. ट्रेकर लोक पूर्वापार सॅकच्या आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालतात, तेच करा. इन्सर्ट पिशवीत, पिशवीचं तोंड पिळून आत दुमडलेलं. पैसे घालायचे असतील तर गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग घ्या. भिगवणच्या होडीतही हीच उपयोगी, कारण होडीच्या तळाशी बोटभर पाणी असतंच आणि बॅग तिथेच ठेवावी लागते.

एसी गाडीतून दमट हवेत उतरलात तर बॅग लगेच उघडू नका. थंड काचेवर बाष्प धरतं. अर्धा तास बंदच राहू द्या, आतला कॅमेरा बाहेरच्या तापमानाला येतो. ताडोबात उन्हाळ्यात शत्रू वेगळा: जिप्सीमागे उडणारी धूळ. तिथे बॅग बहुतेक वेळ सीटवर पडून असते, त्यामुळे पट्ट्यांपेक्षा पटकन बंद होणारं झाकण आणि वर टाकायला एक जुनी उशीची खोळ जास्त कामाची.

ट्रायपॉड, खाऊ, विमान

ट्रायपॉड बाजूच्या जाळीत अडकवायची सोय बहुतेक सॅकना असते. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर तो कठड्यात अडकतो आणि तुम्हाला एका बाजूला ओढतो. अशा ठिकाणी तो मधोमध बांधता येईल अशी सॅक बघा, किंवा ट्रायपॉड घरी ठेवा. मी ठेवते.

पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीत, कॅमेऱ्याच्या कप्प्यात कधीच नाही. खाऊही वेगळा. माथेरानच्या माकडांना बाहेरच्या खिशातली चेन उघडता येते, आणि थालीपीठाचं तेल वेल्क्रोतून निघत नाही.

देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाची मर्यादा साधारण ७ किलो असते, आकार ५५ × ३५ × २५ सेंटीमीटरच्या आसपास. रिकामी बॅगच अडीच किलोची असेल तर तुम्हाला उरतात साडेचार. जादा लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, त्या हातातच ठेवायच्या, टोकं झाकून. विमान कंपनीच्या वेगळ्या परवानगीशिवाय मर्यादा एका बॅटरीला १०० वॉट-तासांची आहे. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या त्यापेक्षा कितीतरी लहान. सोनीची मोठी एफझेड१०० सुद्धा १६च्या आसपास.

भरताना

जड वस्तू पाठीला चिकटून. मोठी लेन्स पाठीच्या बाजूला उभी, हलकं सामान बाहेर. डिव्हायडर, म्हणजे आतल्या वेल्क्रोच्या भिंती, असे लावा की कॅमेरा लेन्ससकट, ग्रिप वर करून बसेल. हात घातला की थेट पकडीत. प्रत्येक वस्तूची जागा ठरवा आणि ती बदलू नका. मग घरातला दिवा बंद करून अंधारात जादा बॅटरी काढून बघा. तीन वेळा जमलं की पहाटेच्या अंधारात गडावरही जमतं. भरलेली आणि संपलेली बॅटरी ओळखायला मी संपलेली उलटी ठेवते, बाकी काही लागत नाही.

आणि घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवू नका

ही चूक मला सगळ्यात महाग पडली. ओली नसलेली, फक्त दमटलेली बॅग मी कपाटात ठेवली, कॅमेऱ्यासकट, जुलैपासून गणपतीपर्यंत. नंतर पन्नासची लेन्स उजेडात धरली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी. बॅगेचा फोम दमटपणा धरून ठेवतो, आत अंधार असतो, हवा खेळत नाही. बुरशीला आणखी काय हवं? हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढायला लागते, आणि मुंबई-कोकणात पावसाळाभर आर्द्रता त्याहून वरच असते.

कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहू द्या. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. तांदूळ वगैरे घालू नका, त्याची पूड लेन्समध्ये जाते.

बॅग रिकामी करून, सगळ्या चेन उघड्या, डिव्हायडर बाहेर, पंख्याखाली टांगा. चिखल वाळला की ब्रशने झाडा, डाग ओल्या फडक्याने पुसा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, आतला पाणीरोधक थर सोलून निघतो. रेन कव्हर मात्र वेगळं वाळवा. ते ओलंच घडी करून तळाच्या खिशात ठेवलं तर चार दिवसांनी वासानेच सापडतं.